लॉगबुकातला आकडा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्याला चार दिवस झाले. फोनवर नीट बोललीस, आवाजात राग नव्हता, पण त्या रात्रीचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही. म्हणून लिहायला बसलो. तुझी आई म्हणाली, लिहा, पण पुन्हा तोच प्रश्न विचारू नका. नाही विचारत.

तू बॅग भरत होतीस आणि मी दारात उभा राहून तिसऱ्यांदा विचारलं, तुमच्या संस्थेला पैसे कोण देतं? तू चेन जोरात ओढलीस, ती मध्येच अडकली. "मी कुणाची तरी जाहिरात करायला चाललेय असं वाटतं का तुम्हाला?" असं म्हणालीस. तसं नव्हतं गं. जे वाटत होतं ते तेव्हा तोंडातून निघालं नाही.

तुझं काम मला कळत नाही असं मात्र समजू नकोस. तुमची संस्था वीज बनवत नाही, पॅनेल विकत नाही, तारा ओढत नाही. कोळशाचा कुठला संच आधी बंद करता येईल, सूर्य मावळल्यावर संध्याकाळची मागणी कशी भागवायची, बॅटरी किती तासांची लागेल, हा हिशेब मांडायचा आणि नियामकापुढे, सरकारपुढे नेऊन ठेवायचा. नफा नाही, देणग्या आणि अनुदानावर चालायचं. 1982 साली अमरी आणि हंटर लव्हिन्स यांनी कोलोरॅडोत अशी संस्था काढली, ते तूच मला सांगितलंस. अमरी लव्हिन्स यांचा 'नेगावॅट' हा शब्दही तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. न वापरलेली वीज हीसुद्धा वीजच, ही कल्पना मला तेव्हा शब्दांचा खेळ वाटली. रात्री अंथरुणात पडल्यावर पटली. आमच्या कोळशाच्या वीज केंद्रातल्या बॉयलरमध्ये 100 भाग उष्णता घातली तर वीज म्हणून जेमतेम 35 भाग बाहेर पडायचे, बाकी सगळं थंड करायच्या पाण्यातून आणि चिमणीतून जायचं. म्हणजे घरात एक युनिट वाचलं की तिकडे जवळजवळ तीन युनिटांचा कोळसा वाचतो. मी 33 वर्षं त्या बॉयलरजवळ होतो आणि असा उलटा विचार कधी केला नाही. तू केलास. कुणाला सांगितलं नाही, पण मला फार बरं वाटलं होतं.

पण अनुदान दोन वर्षांचं आहे म्हणालीस. पुढचं मिळालं नाही तर? आणि मिळालं, पण देणारा म्हणाला की एवढा परिच्छेद जरा सौम्य करा, तर?

विचारणार नव्हतो. राहू दे.

30 सप्टेंबर 2024 ला ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झालं. ती बातमी तू मला मोठ्याने वाचून दाखवलीस. लंडनमध्ये 1882 साली सुरू झालेली गोष्ट 142 वर्षांनी संपली. तू खुशीत होतीस. मी त्या शेवटच्या शिफ्टच्या माणसाचा विचार करत होतो. ब्रेकर उघडला, म्हणजे संचाची तारांशी असलेली जोड तोडली, तरी टर्बाइन लगेच थांबत नाही. बराच वेळ फिरत राहतं, आवाज बारीक बारीक होत जातो, आणि मग शाफ्ट वाकू नये म्हणून गरम असेपर्यंत मोटर लावून हळूहळू फिरवत ठेवावं लागतं. बंद करणं हेही काम असतं, आणि ते माणसं करतात. तुझ्या तक्त्यात संच बंद करायच्या वर्षाचा रकाना असेल. त्याच्या शेजारी माणसांचा रकाना ठेव. कायम नोकरीवाल्यांची कुठेतरी बदली होते. राख उपसणाऱ्या कंत्राटी माणसाचं नाव केंद्राच्या पगारपत्रकातही नसतं. त्याला आधी मोज, मग मेगावॉट मोज. आणि जेवणाच्या वेळा... बघ, झालं माझं सुरू. माफ कर. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहेस.

आता जे सांगायचं होतं ते सांगतो. हे आईलाही माहीत नाही.

तू तिसरीत होतीस. माझी रात्रपाळी होती. धुरातली राख विजेच्या भाराने ओढून पत्र्यांवर पकडणारी यंत्रणा असते, ईएसपी. तिचे दोन भाग बंद पडले. मागणी जास्त होती, लोड कमी करायला वरून परवानगी नव्हती. मीटरवर धुळीचा आकडा दर तासाला चढत होता. मी तो लॉगबुकात लिहायला लागलो तर वरिष्ठ माझ्या खांद्यामागे येऊन म्हणाले, कालचाच लिही. मी पेन उचललं, जरा थांबलो, आणि कालचाच लिहिला. सहा तास, सहा वेळा. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं.

सकाळी घरी आलो तर आई दोरीवरचा तुझा गणवेश झटकत होती. पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर राखेचा थर होता. तुला खोकला होता त्या आठवड्यात. त्या राखेमुळे होता की नाही, मी सांगू शकत नाही. मी काही बोललो नाही, आंघोळ करून झोपलो.

मला नोकरीची भीती होती, घर चालवायचं होतं, आणि मागे उभा असलेला माणूस माझा पगार अडवू शकत होता. म्हणून मी विचारत होतो, तुझ्यामागे कोण उभं आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्या रात्री स्वतःवर ठेवलेला विश्वास मला पुरला नव्हता, म्हणून.

दादाने तुझी चेन दुरुस्त करून ठेवली आहे, जुनी बॅग लागली तर कळव. दोन वर्षांनी पैसे थांबले तर घरी यायला लाजू नकोस, तुझी खोली तशीच ठेवली आहे. पहिला अहवाल छापून आला की एक प्रत पाठव. पैसे देणाऱ्यांची नावं शेवटच्या पानावर असतात म्हणालीस ना, मी ते पान आधी वाचीन. रागावू नकोस.

तुझा,
बाबा