रोजकीर्द शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र खरे तर काम संपले तेव्हाच लिहायला हवे होते. परंतु तुम्ही मला नेमके काय दिले आहे हे त्या वेळी माझे मलाच उमगलेले नव्हते, आणि ते उमगायला मध्ये बरीच वर्षे आणि इतरांचे बरेच डेटाबेस जावे लागले. डेटाबेस आणि सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटची स्वतंत्र सल्लागार म्हणून मी आता दोन दशकांहून अधिक काळ काम करते आहे. नव्या क्लायंटला ओळख करून देताना मी ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस अशी डेटाबेस प्रणालींची नावे सांगते. हे सगळे कुठे शिकलात असे कोणी विचारले की मला मात्र तुमचे टेबल आठवते (लाकडी; डेटाबेसमधले, ओळी आणि कॉलमांचे नव्हे). ज्यांनी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेची, एक ओळही कधी लिहिली नाही, त्या तुमचे आभार मी उघडपणे मानते आहे, कारण माझ्या कामाची तुम्हाला दिसलेली बाजू आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी पाहिलेलीच नाही.

मी तुमच्याकडे आले ते 2004 साल होते. त्याआधी सात वर्षे मी नोकरीत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत प्रोग्रॅम लिहिले होते, त्यातली दोन वर्षे तर 2000 साल येण्याआधी प्रोग्रॅममधली दोन अंकी साले चार अंकी करण्यातच गेली होती, आणि नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केल्यावर मिळालेले पहिलेच मोठे काम, तुम्ही हिशेब पाहत होतात त्या कंपनीचे होते. फॉक्सप्रोमधली जुनी बिलांची आणि येण्याची प्रणाली एसक्यूएल सर्व्हरवर न्यायची, एवढेच माझ्या करारात लिहिले होते. मला ते आठ आठवड्यांचे काम वाटले. पहिल्याच दिवशी मी तुमच्यासमोर टेबलांचा आराखडा ठेवला आणि तुम्ही विचारलेत, ‘यात ग्राहक म्हणजे कोण?’ प्रश्न इतका साधा होता की मला तो अडाणीपणाचा वाटला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

त्याचे उत्तर मला महिनाभरातच मिळाले. जुन्या फाइलमध्ये एकच नाव आणि एकच पत्ता असलेल्या ग्राहकांच्या त्रेचाळीस जोड्या मला सापडल्या. दुबार नोंदी काढून टाकणे म्हणजे स्वच्छ काम, असे शिकलेली मी, त्यांपैकी प्रत्येक जोडीचे सगळे व्यवहार एका ग्राहक-कोडाखाली आणून दुसरा कोड डिलीट केला. फॉक्सप्रोमध्ये डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ती खरोखर जाते ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावर. फाइल लहान व्हावी म्हणून मी तीही आज्ञा दिली. मग जुन्या आणि नव्या प्रणालीतल्या येण्याची एकूण बेरीज ताडून पाहिली. शेवटच्या अंकापर्यंत जुळली, आणि मी समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही थकबाकीची यादी हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, एका ओळीवर पेन्सिल टेकवलीत. ‘यांचे अनामतीचे खाते कुठे गेले?’ त्या जोड्यांमधले एक खाते मालाचे होते आणि दुसरे अनामतीचे. ती दोन्ही एकत्र केल्यावर बेरीज अर्थातच तीच राहिली होती. फक्त कोणाकडून काय येणे आहे आणि कोणाला काय परत द्यायचे आहे, हे सांगणारी माहिती नाहीशी झाली होती. एकूण बेरीज जुळणे हा पुरावा नसून केवळ चूक शोधण्याची पहिली चाळणी आहे, हे मला त्या पेन्सिलीच्या टोकाशी कळले.

बॅकअप होते, पण ते त्याआधी कोणीही कधी रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून माहिती परत उभी करून, पाहिलेले नव्हते. प्रणाली चालू असताना, फाइल्स उघड्या असतानाच त्या प्रती घेतल्या जात होत्या आणि हव्या त्या नेमक्या फाइल्स उघडेचनात. आपल्याला वाचवले ते तुमच्या कपाटातल्या छापील खतावण्यांनी, म्हणजे खातेनिहाय हिशेबाच्या वह्यांनी. दोन दिवस तुम्ही वाचत होतात आणि मी टाइप करत होते. तुम्ही रागावला नाहीत, पण चूक झाकूही दिली नाहीत. काय झाले, कोणाकडून झाले आणि कसे दुरुस्त केले हे तीन ओळींत लिहून, खाली माझी सही घेऊन, तो कागद तुम्ही फाइलला लावलात. महिन्याअखेरी मी बिल आणले तेव्हा त्यातल्या तासांवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, ‘स्वतःच्या चुकीचे तास लावायचे नाहीत, आणि आमच्या चुकीचे सोडायचे नाहीत.’ त्या दिवशी त्यातला पूर्वार्ध लागू होता. उत्तरार्ध मला पुढे अनेकदा उपयोगी पडला, आणि तो पाळणे अधिक अवघड असते असाच माझा अनुभव आहे.

त्यानंतर तुम्ही रोज दुपारी अर्धा तास मला हिशेब शिकवलात, तेही करारात नसताना. व्यवहार आधी रोजकीर्दीत, म्हणजे तारखेनुसार नोंदी करण्याच्या वहीत, लिहायचा, मग खतावणीत उतरवायचा. लिहिलेली ओळ खोडायची नाही. चुकली असेल तर उलट नोंद करायची. नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) या दोन्ही बाजू लिहून झाल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही. मी हे सारे वहीत उतरवून घेत होते, परंतु ते माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल आहे याची मला कल्पना नव्हती. नंतर डेटाबेसच्या अंतर्रचनेचा नीट अभ्यास केला तेव्हा दिसले की डेटाबेससुद्धा कोणताही बदल डेटाच्या पानांवर उतरवण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदवहीत, करतो, आणि मध्येच वीज गेली तर त्या लॉगवरूनच अपुरे पुरे करतो किंवा अर्धवट राहिलेले मागे घेतो. म्हणजे त्याचीही रोजकीर्द आधी आणि खतावणी मागाहून. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एक तर सगळे पूर्ण व्हावेत नाहीतर एकही होऊ नये असे बदल, म्हणजे तरी काय, दोन्ही बाजू लिहून झाल्याशिवाय न उठणे. ट्रान्झॅक्शनच्या संकल्पनेला शास्त्रीय बैठक देणारे जिम ग्रे, ज्यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यांचा 1981 मधला एक निबंध मी पुढे वाचला. त्यात त्यांनी हिशेबनिसांचेच उदाहरण दिले आहे: वहीतली नोंद बदलायची नाही, चूक झाल्यास तिची भरपाई करणारी नवी नोंद करायची. ते वाचताना मला क्षणभर तुमचाच आवाज ऐकू आला.

आणखी एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. नव्या प्रणालीच्या पहिल्या अहवालात अखेरची शिल्लक दशांशाच्या दुसऱ्या घरात एका अंकाने चुकत होती. एवढ्याशा फरकासाठी काम अडवू नका, असे वरून सांगण्यात आले. तुम्ही ऐकले नाहीत, कारण एवढासा फरक म्हणजे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकत बसलेल्या असू शकतात, असे तुमचे म्हणणे होते. मी तीन दिवस शोधले. रकमांच्या कॉलमला मी फ्लोट हा, संख्या द्विमान पद्धतीत जवळपास साठवणारा, प्रकार दिला होता, आणि 0.1 सारखी साधी संख्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवताच येत नाही. हजारो ओळींच्या बेरजेत ती सूक्ष्म तूट साचून वर आली होती. कॉलम डेसिमल, म्हणजे दशांश अंक नेमके साठवणारा, केल्यावर शिल्लक जुळली. त्यानंतर मी रकमेसाठी फ्लोट कधीही वापरला नाही आणि दुसऱ्यांनी वापरलेला दिसला की त्यांचे जुने अहवाल आधी मागवते.

आणि बिलांच्या मुदतीच्या तारखेच्या कॉलममधल्या त्या रिकाम्या जागा! डेटा टेबलांत मांडण्याच्या रिलेशनल पद्धतीचा पाया 1970 मध्ये घालणारे संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी पुढे सुचवले होते की रिकाम्या जागेचे दोन प्रकार वेगळे मानावेत: माहिती असायला हवी पण मिळालेली नाही हा एक, आणि ती येथे लागूच होत नाही हा दुसरा. तुम्ही तिसराही सांगितला होतात: भरणाऱ्याला कंटाळा आला. प्रत्यक्ष कामात मला हा तिसरा प्रकारच सर्वाधिक भेटला आहे. म्हणून आज मी कोणत्याही कामाची सुरुवात टेबलांनी न करता शब्दांच्या यादीने करते. ग्राहक म्हणजे कोण, थकबाकी कोणत्या दिवसापासून मोजायची, रद्द झालेले बिल हे बिल मानायचे की नाही, ही उत्तरे क्लायंटकडून लेखी घेते. काही तरुण सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तेव्हा काय वाटले होते हे मी त्यांना सांगते.

काम संपण्याच्या आठवड्यात तुम्ही जे केलेत त्याबद्दल मात्र मी आजवर एक शब्दही बोललेले नाही. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी मला बोलवावे लागेल अशीच प्रणालीची रचना मी नकळत केली होती, किंवा प्रामाणिकपणे सांगायचे तर, पूर्णपणे नकळत नव्हे. स्वतंत्र काम करणाऱ्याला पुढच्या महिन्याची काळजी असते. तुम्ही ते ओळखले होते. तुम्ही तुमच्या विभागातल्या सर्वांत कनिष्ठ मुलाला सर्व्हरसमोर बसवलेत, माझी हस्तांतराची टिपणे त्याच्या हातात दिलीत आणि मला शेजारच्या खुर्चीत बसवून बजावलेत की कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याने बॅकअप रिस्टोअर करायचा, महिन्याचा हिशेब बंद करायचा आणि अहवाल काढायचा. तो चार ठिकाणी अडला. ती चारही ठिकाणे माझ्या टिपणांत माझ्यापुरती लिहिलेली होती. मी ती त्याच दिवशी बदलली. नंतर पुढचे काम मिळेल की नाही या विवंचनेत मी असताना, तुम्ही स्वतः फोन करून माझे नाव दुसऱ्या एका कंपनीला सुचवलेत, आणि माझ्या चुकीचा तो तीन ओळींचा कागदही त्यांना दाखवलात. त्यांनी मला काम दिले ते तो कागद वाचून, हे मला त्यांच्याकडूनच पुढे समजले.

गेल्या महिन्यात एका क्लायंटकडे मी रिस्टोअरची चाचणी घेत होते. एकूण बेरीज जुळल्यावरही मी खातेनिहाय यादी ताडते आहे हे पाहून तिथल्या नव्या प्रोग्रॅमरने त्याचे कारण विचारले. मी तिला त्रेचाळीस जोड्यांची हकिगत सांगितली. मग आम्ही दोघींनी यादी पुरी केली, सर्व खाती जुळली, आणि खाली तारीख घालून तुमच्या पद्धतीने तिची सही घेतली.

मनःपूर्वक आभार, काका.

तुमची,
2004 सालची प्रोग्रॅमर