चौथी गोळी लिहून घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला रक्तदाबावरचा लेख वाचला. मीठ कमी करा, चालायला जा, गोळी चुकवू नका, हे सगळं बरोबरच. पण रक्तदाबाचं मूळ मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतही असू शकतं, याचा त्यात उल्लेखच नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली आणि माझ्या धाकट्या जावेला हाच आजार झाला, म्हणून लिहिते आहे.

ती कपडे पिळायला वाकली की चेहरा पांढराफटक पडायचा, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, अंग घामानं निथळायचं. थोड्या वेळात सगळं शांत, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्तदाब जागेवर. कुणी गॅस म्हणे, कुणी पाळी जायची वेळ. सासूबाई दृष्ट काढत. एकदा झटका चालू असतानाच घरच्या मशीनवर मोजलं, तर वरचा आकडा २२०! तो पाहून डॉक्टरांनी २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (ॲड्रेनॅलिन मोडून तयार होणारं द्रव्य) तपासायला सांगितलं. ही तपासणी घरीच फसते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. नंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट, कॅनमध्येच. एक वेळ चुकली तरी आकडा खोटाच कमी येतो. कॅनमध्ये ॲसिड घालून दिलेलं असेल तर ते ओतून देऊ नये, अंगावर उडू देऊ नये.

सीटी स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ दिसली, फिओक्रोमोसायटोमा. ही गाठ ॲड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स रक्तात सोडते. ऑपरेशनआधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, दिलं आणि वर भरपूर पाणी प्या, मीठ खा म्हणून सांगितलं. घरचे चक्रावले. पण या आजारात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. या तयारीविना भूल दिली तर जिवावर बेतू शकतं. धडधडीवर आधी नुसतं बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, दिलं तर रक्तदाब आणखी उसळतो. आज तिला रक्तदाबाची एकही गोळी लागत नाही. हा आजार काही घराण्यांत आनुवंशिक असतो, म्हणून मुलांचीही तपासणी करून घेतली.

याहून कितीतरी जास्त आढळतो तो अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारं ॲड्रिनलचंच हार्मोन, वाढण्याचा आजार. डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात पोटॅशियम उतरतं, पाय गळून जातात, गोळे येतात. पण कित्येकांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं, त्यामुळे संशयही येत नाही. आणि तेवढाच रक्तदाब असलेल्या इतरांपेक्षा या रुग्णांना पक्षाघाताचा, हृदयविकाराचा धोका जास्त. रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि मूत्रपिंडातून येणारं रेनिन यांच्या प्रमाणावरून हा आजार ओळखता येतो. ॲड्रिनलचंच आणखी एक हार्मोन, कॉर्टिसॉल, वाढलं तरी रक्तदाब चढतो; त्यात चेहरा गोल होतो, पोट सुटून हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे उठतात, साखर चढते.

ज्यांना तरुणपणीच रक्तदाब जडला, तीन गोळ्यांनीही आवरत नाही, किंवा झटक्याझटक्यानं येतो, त्यांनी चौथी गोळी लिहून घेण्याआधी डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल जरूर विचारावं. आणि आपण पुढच्या पुरवणीत एखाद्या हार्मोनतज्ज्ञाचा लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, रामबाग, इंदूर