एकांतवासाआधी मार्गदर्शकांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

तरुण मुलामुलींना एकांतवासासाठी, म्हणजे मोठं होण्याचा विधी म्हणून रानात एकट्याने राहण्यासाठी, पाठवण्यापूर्वी पुढच्या गोष्टी पुन्हा एकदा नजरेखालून घाला.

दगडाच्या खुणेचा नियम कोणासाठीही शिथिल होणार नाही. दोघादोघांची जोडी ठरवा आणि त्यांच्या मुक्कामांच्या मध्ये एक ठळक जागा निवडा. एकाने तिथे सकाळी दगड ठेवायचा, दुसऱ्याने संध्याकाळी, म्हणजे भेट होत नाही पण खुशाली कळते. जोडीदाराचा दगड दिसला नाही तर वाट पाहत बसायचं नाही. थेट त्याच्या मुक्कामी जायचं आणि गरज पडल्यास तळावर कळवायचं. ही फेरी प्रत्येकाकडून आधी एकदा चालवून घ्या. नुसतं सांगून भागत नाही.

उपवास ऐच्छिक आहे. मधुमेह, नियमित औषधं किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाही. पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर धरा.

आता परतीबद्दल. मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणाऱ्या अशा विधींचे तीन टप्पे मांडले: विलग होणं, उंबरठ्यावरचा (म्हणजे धड इथला ना तिथला असा) काळ आणि पुन्हा समाजात सामावणं. आपली बरीचशी तयारी पहिल्या दोन टप्प्यांतच संपते, याची मला मनापासून काळजी वाटते. परतल्यावर सगळे गोल बसून ऐकतात त्या वर्तुळात प्रत्येकाला बोलायला पुरेसा वेळ द्या. सल्ला देऊ नका, अर्थ लावू नका. जे ऐकलंत ते त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगा. घरच्यांनाही त्या दिवशी बोलवा.

वैद्यकीय माहितीचे फॉर्म निघण्याच्या आठ दिवस आधी समन्वयकांकडे पोहोचले पाहिजेत.