बोट ओळीखाली, ओठ मिटलेले

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे मला मुख्यतः त्यांनाच सांगायचंय, म्हणून लिहायला बसले.

परवा एका शाळेत कविता वाचायला गेले होते. मी ओळ म्हणते आणि शेवटच्या शब्दाआधी थांबते. यमक कानात बसलेलं असतं, त्यामुळे तो शब्द मुलंच ओरडून पुरा करतात. ज्यांना वाचता येत नाही, तीसुद्धा. मागच्या बाकावर दहाएक वर्षांचा एक मुलगा होता. प्रत्येक शब्द बिनचूक सांगत होता, पण समोरचं पुस्तक मिटलेलं.

तास संपल्यावर तो एकटाच जवळ आला. मी तेच पान उघडलं. 'रात्र'पाशी गाडी अडली. 'रा' झाला, मग बोट त्या 'त्र'वर जाऊन थांबलं. कानाला हा शब्द पाठ होता, डोळ्यांना मात्र अनोळखी. माझ्या ओठांवर तो आलाच होता. पण बाबा, तेवढ्यात तुम्ही आठवलात. तुम्ही मला कधीच शब्द पुरवला नाहीत. ओळीखाली बोट धरून बसायचात, कितीही वेळ लागो. मीही बसले. "रात्र," म्हणाला तो. आणि मग अख्खी ओळ पहिल्यापासून, मोठ्यानं वाचली. वाटेत मला रडूच कोसळलं.

आई, येल्ला लेपमनबद्दल तुला सांगितलं होतं ना? महायुद्धानंतर, १९४६ साली, या बाईंनी देशोदेशींहून मुलांची पुस्तकं मागवून म्युनिकला प्रदर्शन भरवलं आणि १९४९ मध्ये तिथंच मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उघडलं. तू म्हणालीस, पोटाला नाही तिथं पुस्तकं कोण मागणार? खरंय, मुलं मागत नाहीत. म्हणून तर कुणीतरी आधी नेऊन ठेवावी लागतात.

नवं पुस्तक मी या मुलासारख्यांसाठीच केलंय. अक्षरओळख कच्ची असली तरी दहा वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊची पुस्तकं हातात धरायची लाज वाटते. म्हणून शब्द सोपे, जोडाक्षरं मोजकी, पण विषय त्याच्या वयाचे: मैत्री तुटणं, हरवलेली सायकल, अंधाराची भीती. दोन फर्म्यांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या दोन छापील तावांचं, ३२ पानांचं पुस्तक. पान वाढवता येईना, त्यामुळे एक लाडकी कविता गाळावी लागली. अजून जीवाला लागून आहे ते.

सोबत प्रुफं पाठवतेय, मोठ्या टाइपात. आई, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाच. जिथं जीभ अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण कर; ती ओळ मी बदलेन. लय तुझ्याइतकी कुणाला कळत नाही.

आणि बाबा, ती अडली तरी तुम्ही शब्द पुरवू नका.

तुमची,
धाकटी