शब्द ऐकू आले नाहीत, म्हणून गाणंच चुकीचं?

मा. संपादक,
स. न.

बुधवारच्या अंकात नागपूरच्या सदर भागातल्या ख्रिस्ती तरुणांच्या रॉक कार्यक्रमाचा वृत्तांत वाचला. आपले वार्ताहर शेवटपर्यंत बसून राहिले, याबद्दल मनापासून आभार. चर्चच्या कार्यक्रमाला नाताळ सोडून सहसा कुणी फिरकत नाही. पण ‘शब्द कळत नव्हते, नुसता गोंगाट’ हे वाक्य, आणि त्याच्या पाठोपाठ ‘प्रार्थनागीतांनी मनाला शांती द्यावी, गरिबीचा प्रश्न समाजसेवकांवर सोडावा’ हा निष्कर्ष वाचून राग आला. तो अजून गेलेला नाही.

वार्ताहरांचं पहिलं वाक्य खरं आहे. मागच्या रांगांत दहातले तीन-चार शब्दही धड पोचत नव्हते. आयोजकांना हे झोंबेल, पण झोंबायलाच हवं. फक्त त्याचं कारण रॉक संगीत नाही. कारणं साधी आहेत, एका दुपारी दुरुस्त होण्यासारखी आहेत, आणि शहरातल्या निम्म्या सभागृहांत दर आठवड्याला तीच चूक होते.

जुन्या चर्चची इमारत घ्या. दगडी भिंती, उघडी फरशी, उंच लाकडी छत. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर ती दोन-अडीच सेकंद घुमत राहते. ऑर्गनला आणि चार आवाजांत गाणाऱ्या गायनमंडळाला हा घुमारा शोभतो, पण बोललेला शब्द स्पष्ट कळायचा तर तो सेकंदाच्या आसपास असावा लागतो. मिनिटाला १३० ठोक्यांचं गाणं वाजवलं की दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर राहतं. म्हणजे चौथा-पाचवा ठोका पडेपर्यंत पहिला हवेतच असतो. त्यावर साउंड मिक्सरमधला कृत्रिम घुमारा (रिव्हर्ब) चढवला की शब्द संपला. अशा वास्तूत गायकाच्या आवाजावरचा रिव्हर्ब पूर्ण बंद ठेवायचा आणि गाण्याची लय मिनिटाला ९०-१०० पर्यंत उतरवायची. बेस गिटारवाल्याने निम्मे सूर गाळायचे, कारण खालचे सूर सगळ्यांत उशिरा विरतात.

ड्रमला माइक लावायचं तिथे कामच नाही. उघड्या काठीने मारलेला स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत जातो. काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी वापरावी, स्नेअरच्या कातड्यावर रुमाल चिकटवावा, खाली जाड सतरंजी घालावी. ड्रमसमोर नुसता पारदर्शक पडदा उभा केला तर आवाज समोर जरा कमी होतो, पण वर छताला आपटून परत येतोच. पडद्यामागे गाद्या किंवा घोंगड्या टांगल्या तरच त्याचा उपयोग.

गिटारचं गणित तर अगदीच उलटं केलं जातं. शंभर वॉटचा ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारी पेटी) दहा वॉटच्या ॲम्पपेक्षा कानाला जेमतेम दुप्पट मोठा लागतो, दहापट नाही. चर्चमध्ये पंधरा वॉटचा पुरून उरतो. तो जमिनीवर ठेवला की आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो आणि समोरच्या रांगेच्या कपाळाला. मग वाजवणारा ‘मला ऐकू येत नाही’ म्हणून बटण आणखी फिरवतो. ॲम्प खुर्चीवर तिरका ठेवून त्याच्याच कानाकडे वळवावा. बटण तो स्वतःच खाली आणतो.

आता मुद्द्याचं. शब्दाची ओळख व्यंजनांवर ठरते. ‘भूक’ आणि ‘भूत’ यांच्यात फरक करणारा तो शेवटचा क किंवा त साधारण दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो, आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) लावलेली गिटार नेमकी तीच जागा व्यापून बसते. साउंडवाला काय करतो? गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलतो. त्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं दबलेलीच राहतात, आणि वर माइक शिट्टी मारायला लागतो. करायचं ते गिटारवर: तीन हजार हर्ट्‌झच्या आजूबाजूला तीन-चार डेसिबल कापायचे, गायकाच्या माइकवर शंभर हर्ट्‌झच्या खालचं सगळं काढून टाकायचं, आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या वर सहाएक डेसिबल राहील एवढी वाद्यं खाली आणायची. गायकाने माइकची जाळी मुठीत धरायची नाही. तशी धरली की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, शिट्टी तिथूनच सुरू होते. ओठांपासून दोन-तीन बोटं अंतर पुरे.

स्पीकर दोन मीटरच्या वर चढवून श्रोत्यांच्या डोक्यांकडे झुकवायचे, मागच्या भिंतीकडे रोखायचे नाहीत. माणसं आवाज शोषतात, भिंत तो परत फेकते. पंचवीस मीटरवरच्या भिंतीवरून आवाज मंचावर परतायला जवळपास ०.१५ सेकंद लागतो. त्या रात्री ड्रमवाला दोनदा लयीतून सुटला तो त्यामुळेच. वार्ताहरांनी ते ‘नवखेपणा’वर टाकलं आहे. तो मुलगा नवखा नाही, त्याला समोरून स्वतःचाच शिळा ठोका ऐकू येत होता.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण या संगीतात शब्द हेच सर्वस्व आहे. नृत्याच्या गाण्यात शब्द बुडाले तरी गाणं उरतं. इथे काही उरत नाही. त्या रात्रीच्या तिसऱ्या गाण्यात श्रीमंताच्या दारात फोडांनी भरून पडलेला लाजर (लूक, अध्याय १६) उचलून चर्चच्या फाटकाबाहेर, उड्डाणपुलाखाली आणून ठेवला होता, आणि आत बसलेल्यांना विचारलं होतं की तुम्ही कोणत्या दाराने आलात. हे ऐकू आलं असतं तर आपल्या वृत्तांताचा मथळा वेगळा झाला असता. आणि काही मंडळींचा चेहराही.

‘गोंगाट’ हा शब्द आपण वापरलात, तो पवित्र शास्त्रात आधीपासून आहे. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पुढच्याच अध्यायात हस्तिदंती पलंगांवर लोळून वाद्यांवर निरर्थक गाणी रचणाऱ्यांना तो धिक्कारतो. म्हणजे तिथे गोंगाट ठरतात ती सुखावलेल्या लोकांची शांत, गोड गाणी. गरिबाची आठवण करून देणारं गाणं नव्हे.

‘हे आपलं नाही’ असं वृत्तांतात सुचवलं आहे, त्याबद्दलही बोललंच पाहिजे. रॉक अमेरिकेतून आलं, हे खरं. तिथेही चर्चला ते सहज पचलं नाही, कारण ते चर्चलाच प्रश्न विचारत होतं. तिथला ख्रिस्ती गायक कीथ ग्रीन याने १९७८ च्या अल्बममध्ये दारी आलेल्या गरजवंताला ‘देव तुझं भलं करो’ म्हणून वाटेला लावणाऱ्या झोपाळू चर्चला उघड सुनावलं, आणि १९८० चा अल्बम ज्याला जे परवडेल त्या किमतीत दिला. शिकागोचा रेझरेक्शन बँड अपटाउनच्या गरीब वस्तीत सामाईक पैशांवर, एका समूहात राहिला. हार्ड रॉक वाजवणाऱ्या त्या समूहाने बेघरांसाठी निवारा चालवला. त्यांच्या खूप आधी, १८६५ मध्ये, पूर्व लंडनच्या गुत्त्यांसमोर सुरू झालेली चळवळ १८७८ मध्ये मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) झाली आणि रस्त्यावर ढोल-कर्णे वाजवू लागली. १८८२ मध्ये ती मुंबईत उतरली.

आणि आपलं म्हणाल, तर आपल्याकडे हे नवं कुठे आहे? खंजिरी हातात घेऊन गावाला गावाचीच घाण दाखवणारे तुकडोजी महाराज विदर्भाचेच. दीक्षाभूमीवर दरवर्षी घुमणारी भीमगीतं काय मनाला झोप यावी म्हणून गातात? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी काही काळ नागपुरात राहिलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन अभंग-ओवीत रुजवलं, आणि मराठी मंडळी (चर्चचा समुदाय) आपल्या चालीत गाते. आमच्या तरुणांनी ती चाल पुरती उचललेली नाही, ही त्यांची दुसरी चूक. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो. ‘भुकेला’ मधला ‘भु’ ताणला की शब्द ओळखूच येत नाही. ताण ‘के’ वर आणि ‘ला’ वर पडला पाहिजे. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो, आपली मंडळी केरव्याच्या सवयीने पहिल्या आणि तिसऱ्यावर टाळी देते, आणि दोन्ही मिळून खिचडी होते. केरव्याच्या आठ मात्रा रॉकच्या चार ठोक्यांत नेमक्या बसतात. स्नेअर थोडा मागे ठेवून ढोलकीला सम (तालाची पहिली मात्रा) दाखवू दिली तर टाळी आपोआप जुळेल. दारात गाण्यांचे शब्द छापलेला एक कागद दिला असता, तरी निम्मी तक्रार उरली नसती. धुराच्या यंत्राच्या भाड्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडला असता.

आता छायाचित्राबद्दल. आपण गाणाऱ्यांचं छापलं नाही, पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर बसलेल्या पाहुण्यांचं छापलं. सोफे मांडले आयोजकांनी, दोष त्यांचाच. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’, हे करू नका असं याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. त्या रात्री मुलं गात होती ते याच अध्यायातलं, आणि ऐकणारे सोफ्यावर होते. बातमी तिथे होती. वार्ताहरांच्या डोळ्यांसमोर होती.

पुढच्या वेळी हीच मुलं गातील तेव्हा वाद्यं खाली आणि शब्द वर ठेवतील, असं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. वार्ताहरांनी कृपया मागच्या रांगेत बसावं. शब्द तिथे कळले नाहीत तर तसंच छापावं, माझी हरकत नसेल.

एक दुरुस्ती राहिली. त्याच वृत्तांताच्या चौकटीत ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना दिल्लीत झाली’ असं आलं आहे. ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, आणि इथे, नागपुरात झाली. ही दुरुस्ती शहराच्या पानावरच, ठळक अक्षरांत छापावी.

आपला,
एक वाचक
मोहननगर, नागपूर