पुवासोबत चार ओळीही पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मेंदूतील गळवांवरचा लेख वाचला. एमआरआयवर भरभरून लिहिले आहे, पण कवटीला भोक पाडून काढलेल्या पुवाचे पुढे काय होते, याला एकच ओळ. मी 31 वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, म्हणून खटकले.

नमुन्यासोबतच्या फॉर्मवर बहुतेक वेळा 'पू, कल्चर' एवढेच खरडलेले असायचे. कल्चर म्हणजे जंतूंचे खाद्य असलेल्या बशीत, म्हणजे प्लेटवर, पू पसरून जंतू वाढवणे. नेहमीचे जंतू एका रात्रीत उगवतात. त्यामुळे 48 तासांत काही दिसले नाही की 'वाढ नाही' असा रिपोर्ट जातो आणि प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात. नोकार्डिया हा मातीतला जिवाणू मात्र निवांत गडी. त्याला चार-पाच दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही.

एका दिवाळीत सुट्ट्या जोडून आल्या आणि एक प्लेट टाकायची राहून गेली. परतलो तर तिच्यावर खडूच्या भुकटीसारखे पांढरे ठिपके. प्लेट हुंगायची नसते, पण झाकण उचलताच ओल्या मातीचा वास आलाच. पू होता एका शेतकऱ्याचा. दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू, मग फिट आली, स्कॅनमध्ये कडेने चमकणारी गोल गाठ दिसली. टीबी समजून तीन महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, दिली होती. आपल्याकडे आधी टीबीचीच शंका येणार, त्यात डॉक्टरांची चूक म्हणवत नाही. पण त्या औषधांनी हा जंतू हटत नाही. स्लाइडवरही तो चकवतो. टीबीसाठी स्लाइडला रंग देऊन ती 20 टक्के सल्फ्युरिक ॲसिडने धुतात, त्यात याचा रंग निघून जाऊ शकतो. 1 टक्क्याने धुतली तेव्हा फांद्या फुटलेले गुलाबी धागे दिसले.

उपचार सुरुवातीला शिरेतून झाले, पुढे वर्षभर को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे लोकांची सेप्ट्रान. माणूस बरा झाला. आपला जीव दिवाळीच्या सुट्टीने वाचवला, हे त्याला कोणी सांगितले नसावे.

शल्यविशारदांनी फॉर्मवर एवढे लिहावे : मेंदूतील गळू, स्टिरॉइड चालू, नोकार्डिया पाहावा, प्लेट तीन आठवडे ठेवावी. शक्य असेल तर अँटिबायोटिकच्या आधी पू घ्यावा, आणि तो कापसाच्या बोळ्यावर नको, हवा काढलेल्या सिरिंजमध्ये द्यावा. कान वाहून झालेल्या गळवातले पुष्कळसे जंतू हवा लागली की मरतात. पुवाला घाण वास आणि रिपोर्ट 'वाढ नाही', हे मी कितीदा पाहिले आहे. नातेवाइकांनीही 'प्लेट ठेवली आहे ना?' असे विचारावे. तंत्रज्ञ चिडेल कदाचित, पण ठेवेल. प्लेट सुकू नये म्हणून कडेला टेप गुंडाळायची आणि इन्क्युबेटरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीच्या, कोपऱ्यात सरकवायची, एवढेच तर काम आहे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा