आजारी सिस्टरची बदली शोधणे हे एजन्सीचे काम आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर स्वतः आजारी पडल्या तर त्यांना रजा कोण देते, हा प्रश्न गेल्या सप्टेंबरपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. तो यायला हवा होता, कारण माझ्याच घरी दीड वर्ष रोज एक सिस्टर येत होत्या.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या आईची डावी बाजू निकामी झाली आहे. नाकातल्या नळीतून पातळ आहार देणे, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहिणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, हे सारे शिकलेल्या हाताचे काम आहे. मी शिक्षिका आहे आणि यजमान अंबडच्या कारखान्यात आहेत. म्हणून शहरातील एका एजन्सीमार्फत आम्ही सकाळी आठ ते रात्री आठ अशी ड्युटी ठरवली. एका ड्युटीचे आम्ही एजन्सीला 900 रुपये देत असू आणि त्यातले 600 सिस्टरच्या हाती पडत. उरलेले 300 रुपये कशाचे, असे मी पहिल्याच भेटीत विचारले होते. मिळालेले उत्तर मला आजही शब्दशः आठवते: "ताई, सिस्टर आली नाही तर तासाभरात दुसरी पाठवायची जबाबदारी आमची. तुम्हाला खाड्याचा त्रास होणार नाही."

त्या सप्टेंबरच्या सकाळी सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी मास्क लावला होता आणि नेहमीप्रमाणे "आजी, झोप झाली का?" असे म्हणत पलंगापाशी न जाता त्या दारातच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्याला टेकून, पाठमोऱ्या, त्या स्वतःच्या काखेत थर्मामीटर लावून उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी तो काढून मुठीत धरला. मी मागून घेतला तर 101.8 दाखवत होता. म्हसरूळहून इंदिरानगरपर्यंत दोन बस बदलून त्या अंगातल्या तापासह आल्या होत्या. "सांगितलं नाही का ऑफिसला?" असे विचारले तेव्हा त्यांनी काही न बोलता फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून ऐकू आले ते असे: "गोळी घे आणि ड्युटी कर. नसेल जमत तर बदली तुझी तू दे. खाडा केलास तर तीन ड्युट्या कट होतील, आणि केस दुसरीकडे जाईल."

बदली देण्यासाठी 300 रुपये घेणारी एजन्सी तापाने फणफणलेल्या बाईला बदली शोधायला सांगत होती. माझे सारे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

त्या दिवशी मी काय केले, तेही लिहिणे मला भाग आहे. मी त्यांना परत पाठवले नाही. शाळेत सहामाही परीक्षेचे काम होते, यजमान पहिल्या पाळीला गेले होते, आणि मी त्यांना चहा देऊन, मास्क काढू नका असे सांगून शाळेत निघून गेले. त्या तीन दिवस आल्या. रोज किती पाणी आत गेले आणि किती लघवी झाली हे त्या ज्या वहीत नोंदवत, त्या वहीत तिसऱ्या दिवशीचे आकडे रेघ सोडून खाली घसरलेले आहेत. एरवी त्यांचे अक्षर पहिलीच्या मुलांना कित्त्यासाठी द्यावे असे आहे. चौथ्या दिवशी आईला ताप आला. त्यानंतर आठ दिवस ती छातीतल्या संसर्गामुळे रुग्णालयात होती. तो ताप सिस्टरमुळेच आला असे मी म्हणत नाही. आमच्या घरी येणारेजाणारे पुष्कळ. पण फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण पाच ते सात दिवस संसर्ग पसरवू शकतो, आणि ज्या रुग्णाला नीट खोकून कफ बाहेर काढता येत नाही त्याच्यासाठी साधा सर्दीताप न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो, हे मला रुग्णालयात डॉक्टरांनी समजावून सांगितले. 2020 मध्ये याच आमच्या सोसायटीच्या फाटकावर प्रत्येकाच्या कपाळावर यंत्र धरून ताप असणाऱ्याला परत पाठवले जात होते.

त्यानंतर मी आसपासच्या घरांतून काम करणाऱ्या सिस्टरांशी बोलत गेले. यातल्या बऱ्याच जणी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेल्या, एएनएमचे, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविकेचे, शिक्षण घेतलेल्या आणि पंचवटीच्या बाजूला एका खोलीत तिघीचौघी राहणाऱ्या आहेत. आजारी पडून खोलीवर थांबले तर त्या दिवसाचे पैसे जातात, दंड बसतो, आणि उशाशी पेज आणून देणारेही कोणी नसते, कारण सोबतच्या मुली आपापल्या ड्युटीवर गेलेल्या असतात. डोळे आले असताना काळा चष्मा लावून चार दिवस ड्युटी केल्याचे एकीने सांगितले. दुसरीची मूळ प्रमाणपत्रे एजन्सीच्या कपाटात आहेत, आणि "सोडून जायचे तर हिशेब पूर्ण करून जा" असे तिला बजावले गेले आहे. तिसरीला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला होता. इतके दिवस टिकलेल्या खोकल्याची क्षयरोगासाठी तपासणी करायची असते, हे तिला शिक्षणामुळे ठाऊक होते, पण थुंकी तपासायला जायचे म्हणजे एक खाडा, म्हणून ती गेली नव्हती. ही मुलगी एका 80 वर्षांच्या आजोबांना दिवसातून चार वेळा भरवते. (ती नंतर गेली आणि तपासणीत काही निघाले नाही, हे कळल्यावर मला फार हायसे वाटले.)

आमच्या एजन्सीला मी रुग्णालयातूनच फोन करून जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले की सिस्टर त्यांच्या कर्मचारी नाहीतच, ते फक्त गाठ घालून देतात. मग एका खाड्याला तीन ड्युट्या कापण्याचा अधिकार त्यांना कुठून आला? गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर राहिलेल्या काळाच्या वेतनापेक्षा जास्त असू शकत नाही, हे तत्त्व 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही कायम आहे. आणि त्या कर्मचारी असतील, तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे तिच्यात येतात. महिन्याला 26 ड्युट्या धरल्या तर आमच्या सिस्टरचे उत्पन्न 15,600 होते. या योजनेत कर्मचाऱ्याचा वाटा वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के असतो, म्हणजे 600 रुपयांच्या एका ड्युटीमागे सिस्टरचे साडेचार रुपये आणि एजन्सीचे साडेएकोणीस रुपये. त्या बदल्यात वर्गणीचे ठरलेले दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के, म्हणजे दिवसाला साधारण 420 रुपये, तिला मिळू शकतात. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारासाठी तर हा लाभ आणखी वाढवून मिळतो. ईएसआयचे रुग्णालय आपल्या सातपूरलाच आहे. दर ड्युटीला 300 रुपये ठेवून घेणाऱ्याला त्यातले साडेएकोणीस रुपये जड जाऊ नयेत.

एजन्सी चालवणे सोपे आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. काही एजन्सी तर स्वतः अनेक वर्षे रुग्णालयात नोकरी केलेल्या सिस्टरांनीच काढलेल्या आहेत. दिवाळीत किंवा तापाच्या साथीत एका वेळी पाच जणी रजेवर गेल्या तर माणूस आणायचा कुठून, ही त्यांची अडचण खरी आहे. आणि आम्ही कुटुंबेही कमी नाही; एक दिवस सिस्टर आल्या नाहीत की फोन करून आवाज चढवणारे आम्हीच. पण अडचण असेल तर ती एजन्सीने आम्हाला सांगावी. आम्ही एक दिवस रजा काढू, भावाला बोलावू, शेजारच्या काकूंना बसवू. ती अडचण ताप आलेल्या मुलीच्या अंगावर ढकलून रुग्णाच्या उशाशी पाठवू नये.

कायद्यात इथे एक मोठी फट आहे. 1949 चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण जिथे दाखल होतात त्या जागेचा आहे; रुग्णाच्या घरी माणूस पाठवणाऱ्याचा त्यात विचार नाही. वास्तविक, विखुरलेल्या आणि मध्यस्थावर अवलंबून असलेल्या कामगारांसाठी मंडळे नेमण्याची वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे: माथाडींसाठी 1969 मध्ये आणि खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 मध्ये कायदे झाले. रात्री इमारतीच्या फाटकावर बसणाऱ्या रक्षकासाठी जे करता आले, ते त्याच इमारतीत रात्रभर रुग्णापाशी जागणाऱ्या सिस्टरसाठीही करता यावे. ते होईल तेव्हा होवो. तोवर कामगार उपायुक्त कार्यालयाने शहरातील एजन्सींची यादी करून दंडाची आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची पद्धत तपासावी, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाने ताप, खोकला किंवा डोळे आलेले असताना कोणालाही घरच्या रुग्णाकडे पाठवू नये असे लेखी कळवावे, एवढी माझी विनंती आहे.

कुटुंबांना मी एकच सुचवते. एजन्सीशी करार करताना दोन ओळी त्यात घालून घ्याव्यात: सिस्टर आजारी असल्यास बदली एजन्सीने द्यावी, आणि त्या खाड्याबद्दल सिस्टरचा एक रुपयाही कापू नये. आमच्या जुन्या एजन्सीने या ओळी घालण्यास नकार दिला. दुसरीने दर 50 रुपयांनी वाढवून त्या मान्य केल्या. आमच्या त्या सिस्टर आता या दुसऱ्या एजन्सीतून पुन्हा आईकडे येतात. जानेवारीत त्यांना घसादुखी आणि ताप आला तेव्हा त्यांनी सकाळी सहालाच कळवले आणि दोन दिवस त्या खोलीवर थांबल्या. पहिल्या दिवशी बदली सिस्टर साडेनऊला पोहोचल्या, मला शाळेत जायला उशीर झाला, आणि मुख्याध्यापिकांनी माझी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मांडली.

आपली,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक